डाव्या हातावरची सहा इंची पट्टी

सर, मी हातावर टॅटू काढून घेतला. डाव्या हातावर, आतल्या बाजूला, मनगटापासून वर. तुम्ही दिलेली सहा इंची स्टीलची पट्टी, जशीच्या तशी. तुमच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. "हे काय नवीन थेर?" असंच म्हणणार तुम्ही. म्हणा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, मी सेहेचाळीस वर्षांची झाले, आता मला कुणी वर्कशॉपच्या दाराबाहेर उभं करू शकत नाही. उलट चेन्नईतल्या एका कारखान्याच्या टूलरूमची मी इनचार्ज आहे आणि दाराबाहेर कुणाला उभं करायचं ते मी ठरवते. हे तुम्हाला सांगताना मला किती मजा येतेय म्हणून सांगू!

आठवतंय ना, आयटीआयच्या फिटर ट्रेडला तुमच्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी होते. पहिला जॉब म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा, कानसीनं घासून सगळ्या बाजू काटकोनात आणायच्या. चार दिवस घासला मी. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर रुमाल बांधून घासला. तुम्ही तो खिडकीकडे घेऊन जाता, काटकोन तपासायला त्याला गुण्या लावता, एक डोळा मिटता. गुण्या आणि ठोकळ्याच्या मधून केसाएवढा उजेड येतोय. तुम्ही तो भंगाराच्या पेटीत टाकता आणि म्हणता, "दुसरा घे." सगळी पोरं बघतायत. माझं नाक लाल झालंय, पण रडले नाही हं. असे किती ठोकळे पेटीत गेले ते मोजायचं मी सोडून दिलं. एकदा धीर करून म्हणाले, "सर, पोरांचे याहून वाईट पास करता की." तुम्ही म्हणालात, "त्यांच्या चुका लोक विसरतील. तुझी कुणी विसरणार नाही." असा राग आला होता तुमचा, वाटलं यांच्या चहात कानसीचा भुगा टाकावा. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की तुम्ही खरं बोलत होता.

शेवटच्या दिवशी तुम्ही एप्रनच्या खिशातून ती पट्टी काढून माझ्या हातात ठेवलीत. तीन आणि चार हे आकडे तुमच्या अंगठ्यानं पार पुसले गेलेले. "हरवू नकोस," एवढंच म्हणालात. नाही हरवली. सहा महिन्यांच्या कामासाठी म्हणून चेन्नईला आले तेव्हा ती पर्समध्ये होती. त्या सहा महिन्यांची बावीस वर्षं झाली. तमिळ मी शॉप फ्लोअरवर शिकले, त्यामुळे तिच्यात शिव्या जास्त आणि व्याकरण कमी. तुम्ही गेल्याचं मला इथंच कळलं, तेही महिन्यानं, बॅचमधल्या एकाच्या फोनवरून. त्या दिवशी मी सुट्टी घेतली नाही. संध्याकाळपर्यंत पत्रा कापायच्या एका पंचला धार लावत बसले.

मग टॅटू कशाला, म्हणाल. इनचार्ज झाले आणि मला टेबल मिळालं. समोर कॉम्प्युटर, अंगात पांढरा कोट, दिवसभर मीटिंगा. सुरुवातीला कौतुक वाटलं. मग एका रविवारी भाकरी थापताना लक्ष गेलं, माझी नखं स्वच्छ! इतकी वर्षं नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ होती, लग्नात मेंदी काढणारीनंसुद्धा तिच्यापुढे हात टेकले होते, आणि ती रेघ गेली होती. आणखी पाच वर्षांनी हे हात बघून कुणालाही वाटेल, बाई बँकेत असेल. मला ते नको होतं. या हातांनी लोखंड घासलंय हे हातावर दिसलं पाहिजे आणि ते साबणानं जाता कामा नये. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "पट्टीच का? एखादं फूल काढ की." मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. "बरं, पट्टी," तो म्हणाला.

अण्णा नगरमध्ये एक पोरगी टॅटू काढते, पंचविशीतली, केस बारीक कापलेले. मेट्रोनं तिच्याकडे गेले. तयारी काय करायची ते तिनं सांगितलं: पोटभर जेवून यायचं, झोप नीट घ्यायची, कुठली औषधं चालू असतील तर सांगायची आणि आठवडाभर हाताला ऊन लागू द्यायचं नाही. "चेन्नईत ऊन लागू द्यायचं नाही म्हणजे कपाटात बसू का?" मी विचारलं. "फुल बाह्या घाला, अक्का," ती शांतपणे म्हणाली. सुया नव्या पाकिटातून समोर काढते म्हणाली, ते मला आवडलं. हत्यार स्वच्छ ठेवणारा माणूस मला लगेच पटतो. मग तिनं विचारलं, काम काय करता? सांगितल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाली, टॅटू काढल्यावर निदान पंधरा दिवस या हाताला तेल, कूलंट, लोखंडाचा भुगा काही लागता कामा नये, मशीनजवळ हातच न्यायचा नाही. इथं सगळं अडलं. कारण टेबल मिळालं तरी एक काम मी सोडलं नव्हतं. पत्रा कापणारी नवी डाय तयार झाली की तिची शेवटची जुळणी आणि ट्रायल मीच करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तर टॅटू पुढं ढकलला. ही डाय होऊ दे, मग बघू. ती झाली की दुसरी यायची. असं करत वर्ष गेलं. माझ्या हाताखाली दोन फिटर मुली आहेत, एक उंच, एक चष्मेवाली. दोघी इथल्याच, पाच वर्षं माझ्याकडे आहेत, आणि दोघींचा हात चांगला आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत टॅटूचा विषय निघाला तेव्हा चष्मेवाली भातात रसम कालवत सहज म्हणाली, "पंधरा दिवस तुम्ही हात नाही लावला तर काय होईल, मॅडम? आम्ही आहोत ना." माझं डोकंच फिरलं. "तुम्ही आहात म्हणूनच मला हात लावावा लागतो!" मी ताडकन बोलून गेले. दोघी खाली मान घालून जेवत राहिल्या. मी डबा तसाच बंद केला आणि दुपारभर त्यांच्या कामात चूक शोधत हिंडले. सापडली नाही, सर. एकही नाही. तेव्हा मला कळलं की मी सुईला घाबरत नव्हतेच. माझ्या हातावाचून डाय चालली तर मग मी कोण, याला घाबरत होते. आणि नाही चालली तर या पोरींना पाच वर्षं मी शिकवलं काय? एक मोठी डाय ट्रायलला यायला नऊ दिवस उरले होते. मी अण्णा नगरला फोन लावला आणि येत्या शनिवारचीच वेळ मागून घेतली.

शनिवारी त्या पोरीनं पट्टी कागदावर उतरवून घेतली. "हे दोन आकडे पुसलेत, भरू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस, पुसलेलेच राहू देत. तिनं छाप हातावर उठवला, जांभळ्या रंगाचा, आणि मी सवयीनं त्याच्यावर खरी पट्टी ठेवली. दीड मिलिमीटर जास्त! पुसून दुसरा छाप, तो एक मिलिमीटर कमी. तिसऱ्या वेळी ती पोरगी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अक्का, कातडी आहे ही, लोखंड नाही. तुम्ही हात वळवला की माप बदलणार. उद्या तुम्ही जाड झालात की बदलणार." मी म्हटलं, मी जाड होणार नाही. ती हसायला लागली, मग मलाही हसू आलं. शेवटी काम करताना जॉब धरते तसा हात धरला आणि तिनं त्या हातावर छाप उठवला. बरोबर सहा इंच. दुखलं का, तर दुखलं, मनगटाजवळ तर डोळ्यांत पाणी आलं. पण पहिली रेघ उठली तेव्हा मला असं हसू फुटलं की ती म्हणाली, "हलू नका, अक्का, हसायचं तर नंतर हसा." घरी जाताना मेट्रोत मी उगाचच डाव्या हातानं दांडा धरून उभी राहिले, बसायला जागा असून.

आणि मग ट्रायलचा दिवस आला. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून प्रेस मशीनपासून चार पावलांवर उभी आहे, दोन्ही हात पाठीमागं, एका हातानं दुसऱ्याचं बोट घट्ट धरलेलं. पोरींनी आधी पातळ कागद कापून बघितला, तुम्ही शिकवलं होतं तसं. तीन बाजूंना स्वच्छ कापला, चौथ्या बाजूला कागदाची लव राहिली. म्हणजे वरून खाली येणारा पंच डायच्या एका अंगाला सरकलाय. मला चार पावलांवरून दिसतंय किती सरकलाय, कुठं ठोकायचं, किती हलका. उंच मुलगी माझ्याकडे बघते. मी खिडकीबाहेर बघते. दोघींची कुजबुज झाली, चष्मेवालीनं बोल्ट सैल केले, उंच मुलीनं तांब्याच्या हातोडीनं एक टोला दिला, थांबली, बोटानं चाचपलं, अजून अर्धा टोला. मी अगदी तिथंच आणि तेवढाच दिला असता. पुन्हा कागद. चारी बाजू स्वच्छ! मग पत्रा घातला, प्रेस खाली आली, पार्ट पडला. पहिला पार्ट, सर, पहिल्या फटक्यात, कडेला बोट फिरवलं तर कुठं खरखर नाही. असं माझ्या स्वतःच्या हातून फार तर दोनदा झालंय. मला नाचावंसं वाटत होतं.

दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मी म्हणाले, "चांगलं झालंय." चष्मेवाली म्हणाली, "काय मॅडम? प्रेसच्या आवाजात ऐकू नाही आलं." प्रेस बंद होती. डांबरट कुठली! मी अख्ख्या टूलरूमला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "फार चांगलं झालंय! याहून चांगलं मलाही जमलं नसतं!" आणि बाही वर करून टॅटू दाखवला, तो त्यांनी अजून बघितला नव्हता. उंच मुलगी रडायला लागली, वेडी. मी तिला रुमाल दिला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. आमचा निकाल लागला त्या दिवशी मी सायकल स्टँडवर तासभर चेन बसवत बसले होते. तुम्ही ऑफिसातून निघालात, माझ्यापाशी थांबलात, "बसतेय का?" म्हणून विचारलंत, मी "हो" म्हटलं आणि तुम्ही गेलात. तुमच्या तोंडून एकदा "चांगलं" ऐकायचं होतं मला, सर. चेन उतरलीच नव्हती.