बरगड्यांचा फोटो

३ मार्च

चि. ठकीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीवर लिंबाएवढी गाठ, एक्स-रेच्या फोटोत दोन बरगड्या वाकलेल्या, आणि तू निवांत लिहितेस की डॉक्टर बघताहेत. तीस वर्षं मी एक्स-रे काढले. तान्ह्या पोरीच्या बरगड्या आपोआप वाकत नाहीत. तूच लिहिलं होतंस, जावईबापू गॅरेजातून आले की तिला वर उडवतात. दिवसभर नटबोल्ट आवळणारे हात ते! तू कामावरून यायच्या आधी बाळ कुणाच्या हाती असतं, हे मी विचारत नाही, तूच विचार. तोवर बाळ त्यांच्या हाती देऊ नकोस. फोटो मला पाठव.

माया आहे म्हणूनच टोचून लिहिते.

मावशी

१० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहे. तू सांगितलंस तसं केलं. ते हात घासत राहिले, ग्रीस निघून गेल्यावरसुद्धा. आता दारातूनच बघतात. त्यांचा आवाज आला की बाळ मान वळवतं आणि मी त्याला घेऊन आत जाते. त्यांनी कप जरा जोरात ठेवला तरी मी दचकते. वीस तारखेला गाठीचा तुकडा काढून तपासणार आहेत. खरं काय ते लवकर कळव.

तुझी,
ठकी

१५ मार्च

श्री. जावईबापू यांस स. न. वि. वि.

फोटो खिडकीच्या काचेला धरून पाहिला, मग आमच्या जुन्या डॉक्टरांना दाखवला. बरगड्या मोडलेल्या नाहीत. आतून वाढणाऱ्या गाठीनं त्यांना हळूहळू बाजूला सारलंय. ही गाठ आईच्या पोटातच धरलेली. फार क्वचित दिसते. माझ्या टेबलावर एकदाही आली नव्हती. जे पाहिलं नव्हतं, त्याच्या जागी मी तुम्हाला उभं केलं.

बहुधा कॅन्सर नाही, पण तपासणीआधी शब्द देणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या इस्पितळातले लोक त्याआधीच कॅन्सरच्या जालीम औषधांची घाई करू लागले, तर आधी निकाल दाखवा म्हणावं. माझा संशय आता तिकडे वळलाय.

आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरबाई चूक सर्वांसमोर वाचायला लावत. हे पत्र ठकीला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि वीस तारखेला बाळाला ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तुम्हीच उचलून न्या.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

तुमची मावससासू