घराचं तोंड आईकडे

प्रिय मेविस आत्या,

दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. घर आलंय म्हणून. (हसू नकोस.) आधी तू कशी आहेस ते सांग. किडनीच्या मशीनवर अजून थंडी वाजते का? तिथला चहा अजून तसाच पांचट का? आम्ही बरे. नेरिदाला दोन दात आलेत, आणि ती दोन्ही माझ्यावरच वापरते.

तर घर. मंगळवारी दोन ट्रकवर दोन अर्धुकं आली, मधोमध कापलेल्या पावासारखी, कापलेली बाजू फळ्या ठोकून बंद. अख्खी वस्ती बघायला, कुत्र्यांसकट. काय घर आहे गं! न्हाणीघराला आतून कडी आहे. ताईकडे आम्ही अकरा जणं, न्हाणीघराला नुसती चादर, आत कोण आहे ते गाणं म्हणून कळवायचं. इथल्या नळाला अजून पाणी नाही, पण फिरतो छान. नेरिदा फिरवत बसते.

पण दार! आपल्यात सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही न् जावयानं सासूचं, तुला काय सांगायचं. म्हणून कागदावर आम्ही दार आईच्या घराच्या उलट्या बाजूला मागितलं होतं. त्या कागदाला झाली तीन वर्षं. मधे आईचं छप्पर उडालं, ती पलीकडच्या बाजूला राहायला गेली, आणि आता बरोबर आमच्या दारासमोर बसते. घरानं कागदाचं ऐकलं. आई काय कागदावर नव्हती.

काल आई चहा करायला तिच्या घरात गेलेली बघून माझा एल्टन नवं घर बघायला शिरला. तेवढ्यात ती खुर्ची घेऊन परत. ती घराची राखण करते (दुसऱ्या वस्तीवाले पळवतील म्हणे, घर काय शेळी आहे?). दारातून निघावं तर समोर सासू. मागे न्हाणीघराची खिडकी, आणि एल्टन केवढा ते तुला माहीत आहे. कमरेपर्यंत बाहेर आला आणि राहिला तिथंच. पोरं खिदळली तसं आईला कळलं. तिनं डोक्यावर टॉवेल घेतला, पाठ फिरवली, पण खुर्ची सोडेना.

"त्याला सांग गं, पोट आत घे म्हणावं," मला म्हणाली.

मी सांगितलं.

"तिला सांग, पोट तिच्याच लेकीनं वाढवलंय."

हे मी नाही सांगितलं. (तिनं ऐकलंच. टॉवेल हलत होता.) शेवटी गोडंतेल चोळून ओढला. लाजेनं तो तसाच तेलकट कांगारूच्या शिकारीला गेलाय. जाताना म्हणाला, दार असंच राहिलं तर मी आपला माझ्या आईकडे. ती दोनशे किलोमीटरवर, आत्या.

उद्या शुक्रवारी क्रेन येणार. अर्धुकं खांबांवर चढवून बोल्ट मारले की संपलं. मुकादम चांगला आहे, म्हणतो, अर्धुकं फिरवून ठेवायला तासभर पुरे, पण घरं बनवतात त्या शहरातल्या यार्डातून हुकूम पाहिजे. मी पुढं बोलायला घाबरते. घर नको असेल तर यादीत पुढचे आहेत, असं म्हणाले तर? तरी खोटं कशाला बोलू, आत्ता ह्या घराच्याच पायरीवर बसून लिहितेय आणि बरं वाटतंय.

तुझी
शर्लीन

ता. क. इथला फोन परत मेलाय. चिठ्ठी आजच्या टपालाच्या विमानानं येतेय, दुपारी तुझ्या मशीनच्या वेळेला पोचेल.

ता. क. त्या यार्डात तुझा लाडका क्लिफ्टन आहे. ही अर्धुकं त्यानंच जोडलीत, तिथले त्याचं ऐकतात. पण मोठं झाल्यावर बहिणीनं भावाशी थेट बोलायचं नाही, म्हणून हे सगळं तुला.

ता. क. मशीनवर तू पहिल्या ओळीलाच घोरायला लागतेस. तेव्हा हे जे कोण वाचून दाखवतंय त्यांना: बाई, आत्याला उठवू नका. माझं नाव घेऊ नका. "आत्या म्हणते, घर फिरव," एवढंच सांगा, तिला तो नाही म्हणत नाही, जागी असो की झोपलेली. नंबर पाकिटामागे आहे. आजच्या आज माझ्या भावाला फोन करा.