दोनशे पुस्तकांचे निर्लेखन

२ मार्च, सकाळी ७
आजपासून शिस्त. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचे सर्व लेखी पेपर मी उत्तीर्ण झालो आहे. उरला केवळ पोर्टफोलिओ: प्रत्यक्ष कामाचे बारा पुरावे, एक चिंतनपर निबंध. अंतिम दिनांक ३१ मार्च. वजनमापे निरीक्षक म्हणून ज्याने एकतीस वर्षे दुकानदारांचे काटे तपासले, त्याला बारा कागद जड नाहीत.
प्रकल्प: दोनशे पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे जीर्ण आणि कुणी न वाचणारी पुस्तके संग्रहातून कायमची काढून टाकणे. स्थळ: आमची ही जिथे सत्तावीस वर्षे पुस्तकांच्या नोंदी करीत होती, तेच शाखा-ग्रंथालय. हिला जाऊन सव्वादोन वर्षे झाली. निवड केवळ अंतराच्या सोयीने केली आहे.
मुलीने फोनवर विनवले, "बाबा, दुसरी कुठलीही शाखा घ्या ना." भावना आणि काम हे दोन स्वतंत्र कप्पे आहेत, असे मी तिला समजावले. तिने फोन ठेवला. पटले असावे.

४ मार्च
कामास प्रारंभ. शाखाप्रमुख जेमतेम तिशीचा. मला 'काका' म्हणतो. कार्यालयात हे संबोधन शोभत नाही, असे मी सांगितले. "बरं काका," म्हणाला.
पद्धत सोपी. आतल्या खिशातले नोंदीचे कार्ड श्रेडरमध्ये घालायचे, शीर्षकपृष्ठ फाडायचे आणि पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का मारायचा. पहिले पुस्तक मधमाशीपालनावर. कार्ड श्रेडरमध्ये सोडले आणि अक्षर दिसले. हिचे. 'श'ची शेपटी डावीकडे वळलेली.
मी कार्ड बाहेर ओढले. यंत्राने सोडले नाही. मीही सोडले नाही. झाकण तुटले, आतले दाते जमिनीवर सांडले, माझ्या करंगळीचे नख गेले. तांत्रिक बिघाड. कार्ड अर्धे वाचले. त्यावर रक्त पडले नाही, हे महत्त्वाचे.

५ मार्च
पुरावा क्र. १: अर्धे कार्ड. यापुढे सर्व कार्डे नमुने म्हणून जपून ठेवावीत, असा शास्त्रीय निर्णय घेतला.

७ मार्च
रद्दीवाला आला होता. पूर्वीच रद्द झालेली पुस्तके टेम्पोत भिरकावीत होता. फेकू नयेत, असे मी सौम्य शब्दांत सुचवले. तो म्हणाला, "अहो, रद्दी आहे ती. तिला काय दुखतंय?"
पुढे नेमके काय घडले याबद्दल साक्षीदारांत एकमत नाही. माझ्या हातात शब्दकोशाचा दुसरा खंड होता, हे मान्य. तो त्याच्या खांद्यावर पडला. लेखी जबाबात 'पडला' हेच क्रियापद मी कायम ठेवले आहे. त्याची मूठ मात्र माझ्या जबड्यावर निश्चितपणे मारली गेली. खालचा एक दात हलतो आहे.
'बाह्य व्यक्तींशी समन्वय' या सदराखाली ही घटना बसेल काय? पोर्टफोलिओ तपासणाऱ्या मार्गदर्शक बाईंना विचारणे.

८ मार्च
विचारले. बसत नाही.

९ मार्च
संकल्प: बोलताना दोन्ही हात पाठीमागे ठेवणे. जाड ग्रंथ हाताळताना संभाषण टाळणे. निबंध उद्यापासून.

१२ मार्च
एकसष्ट कार्डे जमली. कामाचा वेग समाधानकारक. शाखाप्रमुखाला तो दिसत नाही. म्हणाला, "काका, एकाही पुस्तकावर शिक्का नाही. कार्ड काढलेलं पुस्तक मी धड ठेवू शकत नाही, धड टाकू शकत नाही." मग आवाज खाली आणून, "काकूंचं अक्षर ठेवायचं म्हटलं तर सगळं ग्रंथालयच ठेवावं लागेल हो."
मी हात पाठीमागे घेतले. त्याने शिक्का उचलला आणि स्वतःच सुरुवात केली. ठप. ठप. ठप. चौथ्या ठोक्याला माझे हात पुढे आले.
झटापटीत मासिकांचे कपाट आडवे झाले. शिक्का माझ्या हाती आला. समोर त्याचे कपाळ होते. 'रद्द' ही अक्षरे सुवाच्य उमटली. दाब सर्वत्र समान होता. त्याने खुर्ची उचलली. माझ्या नाकातून बरेच रक्त गेले. तीन वाचकांनी मला टेबलावर दाबून धरले. त्यांतल्या ऐंशीच्या आजींनी काठीने गुडघ्यावर दोन रट्टे हाणले आणि बजावले, "हळू! वाचनालय आहे हे!"
प्रवेशबंदी. निबंधाला निवांतपणा मिळाला, हे एका परीने बरेच झाले.

१५ मार्च
मुलगी आली. पलंगाच्या हिच्या बाजूला कार्डे मांडली होती, कारण तेथे उजेड चांगला येतो. मुलगी दारातच थबकली. "आई गेली तेव्हा तुम्ही रडला नाहीत. आता माणसं फोडत सुटलाय?" 'फोडणे' हा शब्द अतिशयोक्त असल्याचे मी दाखवून दिले. ती कार्डे गोळा करू लागली. मी फुलदाणी भिंतीवर हाणली.
फुलदाणी हिची होती. हे भिंतीला लागल्यानंतर लक्षात आले.
काचा मुलीनेच भरल्या. मी निबंधाचे शीर्षक लिहिले.

२४ मार्च, सकाळी ११
ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी. उरलेली एकशे एकोणचाळीस कार्डे तो शाखाप्रमुख नष्ट करणार, याबद्दल शंका नव्हती. पोर्टफोलिओच्या हितासाठी मागच्या खिडकीची काच छत्रीने फोडली. तीन फटके लागले. आत उतरताना दंड कोपरापर्यंत फाटला. नवे श्रेडर दिसताच त्यालाही छत्री घातली. छत्री मोडली.
टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. वर चिठ्ठी: 'काकांसाठी. उद्या घरी आणून देतो.' मोजली. एकशे एकोणचाळीस.
घाबरला असावा.
सात टाके.

३० मार्च
पोर्टफोलिओ सादर. मुदतीच्या एक दिवस आधी. प्रथम श्रेणी अपेक्षित.

१८ एप्रिल
निकाल: अनुत्तीर्ण. मार्गदर्शक बाईंचा शेरा: 'जोडलेली दोनशे कार्डे एका उत्कृष्ट ग्रंथपालाच्या हातची आहेत. उमेदवाराचे स्वतःचे काम आढळले नाही. निबंधाच्या जागी केवळ शीर्षक.'
फोन केला. आवाज चढवण्याची पूर्ण तयारी होती. बाई म्हणाल्या, "या कार्डांवर ज्यांचं अक्षर आहे, त्यांच्याच हाताखाली मी शिकले हो. खोके परत पाठवलंय, जपून उघडा." चढवलेला आवाज वापरता आला नाही.

१९ एप्रिल
खोके उघडले. टपालात कार्डांचा क्रम पूर्ण विस्कटला होता. पुस्तकांच्या दाखल क्रमांकानुसार ती पुन्हा लावावयास बसलो. "तुम्हाला दोन आकडे ओळीनं लावता येत नाहीत," असे ही सत्तावीस वर्षे म्हणत असे आणि माझ्या हातून घेऊन स्वतः लावत असे. निरीक्षकाला असे म्हणणे योग्य नव्हते.
संध्याकाळी तपासले. एकोणीस कार्डे चुकीच्या जागी होती. पुन्हा लावली. तेवीस.
मूठ वळली होती. खोलीभर पाहिले. कुणाला मारावे, ते कळेना.