शनिवारी कोण जाणार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, फक्त या शनिवारी बहुतेक मला काढणार आहेत आणि मला जायचं नाही. क्रमाने सांगतो, नाहीतर म्हणशील, चष्मे विकून विकून याचीच नजर गेली.

दुकान बंद केलं की मी समोरच्या लाँड्रीत ‘कुलूपबंद’ बघायला जातो. (एका घरात माणसं कोंडायची, ती भांडतात, दर शनिवारी बघणाऱ्यांच्या मतांनी एकाला हाकलायचं. यात बघण्यासारखं काय, असं तू विचारलं होतंस. तू बघितलं नाहीस म्हणून विचारतेस.) चौकडी ठरलेली: मी, लाँड्रीवाला, टायपिस्ट बाई आणि भूमितीचे निवृत्त मास्तर. त्या घरातली रडूबाई मनापासून रडते की मतांसाठी, घुम्याचं गप्प बसणं हा डाव की स्वभाव, यावर असे वाद रंगायचे की त्या भरात लाँड्रीवाल्याने एका वकिलाच्या पँटला दोन-दोन घड्या पाडल्या. मास्तर तर पुढे कोण कोणाला दगा देणार ते पाठकोऱ्या कागदावर त्रिकोण काढून सिद्ध करायचे. ते खरं निघायचं आणि आमची मजा जायची.

मागे एका शनिवारी त्या घरातून कोणालाच काढलं नाही. आमचा विरस झाला. बाई म्हणाल्या, मग आपल्यातलाच एक काढू या. गंमत गं, दुसरं काय! हात वर झाले आणि मास्तर गेले. त्यांनी खिलाडूपणे घेतलं. कार्यक्रमातल्यासारखी सगळ्यांना मिठी मारली, छत्री उचलली आणि मागच्या दाराने निघाले. ते दार कोठीचं आहे आणि कोठीपलीकडे भिंत आहे, हे आम्हाला जरा उशिराच सुचलं.

कोठीत मास्तर नव्हते. त्यांच्या घरी गेलो तर सूनबाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणी मास्तर कधी नव्हतेच. (हे सांगताना त्या मास्तरांचाच स्वेटर उसवत होत्या.) सोमवारी टीव्ही लावला, तर कुलूपबंद घरात सोफ्याच्या कडेला मास्तर. चष्मा माझ्याच दुकानातला, डावी दांडी मी स्वतः बसवलेली, तेव्हा भास झाला असेल म्हणू नकोस.

त्या घरात आता कोणी भांडत नाही. सगळे आमच्याकडे तोंड करून ओळीने बसतात आणि आमची चर्चा करतात. लाँड्रीवाला खरंच भोळा आहे की दाखवतो, बाई आतून कोणाच्या बाजूच्या. परवा रडूबाईने माझी कड घेतली, तेव्हा घुम्या पहिल्यांदाच बोलला. “चष्मेवाला कोणाचाच नाही. तो स्वतःपुरतं बघतो.” मास्तरांनी मान डोलावून एक त्रिकोण काढला. ताई, मला फार लागलं ते.

लाँड्रीत जायचं सोडलं, पण सुटका नाही. गिऱ्हाइकापुढे आरसा धरला की मला त्यात तो सोफा दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, फ्रेम कशी दिसते? मी म्हणतो, छान. धंदा तर करायला हवा.

या खेपेला त्या सोफ्यावरच्यांनी घेतलेली नावं दोनच, माझं आणि लाँड्रीवाल्याचं. त्याला कोण काढणार? सगळ्यांचे कपडे त्याच्याकडे आहेत. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

भावोजींना नमस्कार. सांभाळून राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. मास्तरांनी काल आरशातून नियम सांगितला. ज्याचं नाव आलंय त्याला आपल्याऐवजी घरचं एक माणूस देता येतं. मी तुझं नाव दिलं आहे. रागावू नकोस. कुठे जायलाच मिळत नाही, अशी तुझीच तक्रार असते.

ता. क. २. शनिवारी संध्याकाळी तुझ्याकडचं एखादं बंद दार उघडेल. तेव्हा भावोजींना हाक मारू नकोस. ते “आपण कोण?” असं विचारतील आणि तुला उगाच वाईट वाटेल.

ता. क. ३. घरची माणसं विसरतात, बघणारे विसरत नाहीत, असं दिसतं. मी दोन्ही आहे, त्यामुळे माझं काय होईल ते कळत नाही. मी रोज बघीन. तू सोफ्यावर बसलीस की समोर बघून “धाकट्या” अशी हाक मार. मी शेजारच्याला विचारलं, ही नवी बाई कोण, तरी पुन्हा मार.