पाटी तिची, हात तुझा

प्रिय प्रितेश,

फोन उचलत नायस, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर सुक्या बोंबलासारखं वाकडं येतंय. तरी वाच. बोंबील तुला आवडतात.

करंजाड्याला तुझ्या इमारतीत लिफ्ट सुरू झाली म्हणे. बरं झालं. द्रोणागिरीच्या गोदामात तू कंप्युटरचा साहेब झालास तेव्हा पनवेलच्या मासळीबाजारात पेढे मीच वाटले. नियम तर काय काय केलेस! पेनड्राइव आणायचा नाय, पासवर्ड सख्ख्या आईला सांगायचा नाय, आणि टपालातून कोण काय धाडील म्हणून हापिसात येणारं प्रत्येक पाकीट आधी थोरल्या साहेबाच्या टेबलावर फोडायचं. गणपतीत तू छाती फुगवून सांगत होतास आणि आमी माना हलवत होतो.

कोमलला तूच तिथं चिकटवलीस. तुझ्या काकाची पोर, बापाविना वाढलेली, गाड्यांचे गेटपास काढायची. तिची चूक मी झाकत नाय. बाजारात शेजारची शशिकला चहाला उठली की तिची मासळीची पाटी मी विकते, मी उठले की माझी ती विकते. शेजारणीच्या पाटीत कुणी हात मारला असं आजवर घडलं नाय. ही येडी तोच बाजार डोक्यात घेऊन हापिसात गेली. भावानं मागितला, तिनं पासवर्ड दिला.

तू मित्राच्या हळदीत होतास. मागं बेंजो वाजत होता, तुझी जीभ जड झालेली. गाडी आत्ता सोडायचीय, गेटपास तुझ्या नावानंच निघतो, तुझा पासवर्ड सांग, नियम मीच केलाय, मला चालतो, असं म्हणालास. मला कसं ठाऊक? कोमलचे हात कोळंबीत होते. फोन तिच्या कानाला मी धरलेला. पासवर्ड काय, तर माझंच नाव. तेव्हा मला हसू आलं.

दारूच्या डोळ्यांनी तू तिथनंच मोबाइलवर भलत्याच ट्रकला कंटेनर सोडलास. तो गेला तो गेलाच. कंप्युटर म्हणाला, कोमलनं सोडला. तू म्हणालास, कंप्युटर खोटं बोलत नाय. मग तिच्या गळ्यातलं ओळखपत्र तू स्वतःच्या हातानं काढलंस, आणि वॉचमननं तिच्या डब्यातली मांदेली उपसून बघितली, जसा काय कंटेनर त्यातच लपवलाय. आता तिला कुठल्या गोदामात उभी करत नायत. चोर म्हणतात. तरी तिच्या तोंडून तुझं नाव निघत नाय. दादाचं लग्न ठरतंय, म्हणते. असल्या दादापेक्षा बाजारातलं मांजर बरं, ते निदान समोरून पळवतं.

ती गप्प बसली म्हणून मीही बसेन, असं तुला वाटलं. अरे, शिळ्या मासळीचा कल्ला उघडून दाखवण्यात माझा जन्म गेला.

पत्र करंजाड्याला टाकलं असतं तर तू फाडून गॅलरीतनं उडवलं असतंस. म्हणून हापिसच्या पत्त्यावर टाकलंय. नियम तुझाच, आणि चांगला नियम हाय. तू हे वाचशील तेव्हा थोरल्या साहेबाचं वाचून झालेलं असेल. साहेब, पोरीला परत बोलवा. ह्याला बाहेर काढताना डबा तेवढा तपासू नका. माझी मासळी त्याला आजपासून बंद.

तुझीच,
जिच्या नावानं तू कंटेनर सोडलास ती,
भीमाबाई आजी