विणकराला ब्लँकेट

गुरुजी, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि इंदापूरकडच्या आपल्या त्या शाळेच्या जागी आता दुमजली इमारत आहे. तरी ऊन कललं की मला कौलांतून पडणारा तो कवडसा दिसतो, आणि तुम्ही डोळे मिटून कविता म्हणताय, एक हात टेबलावर ताल धरतोय. आज लिहायला बसलो ते मात्र कवितेसाठी नाही. माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती ज्याच्यापुढं बोलावी असं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस आठवतो का? तुम्ही सगळ्या वर्गाला एकेक करून सामानाच्या खोलीत बोलवायचात. प्रत्येक जण बाहेर यायचा तो वर्तमानपत्रात बांधलेलं सारखंच पुडकं घेऊन. कुणाच्या पुडक्यात सदरा, कुणाच्या नुसत्या गोळ्या, दोन पेन्सिली आणि फुगवटा यावा म्हणून कोंबलेले कागद. घरी जाईपर्यंत सोडायचं नाही, हा नियम. माझ्या पुडक्यात सदरा होता. शेजारी बसणाऱ्या माझ्या दोस्ताच्या पुडक्यात काय होतं ते मला आजवर ठाऊक नाही, आणि त्याला माझं. त्याच वर्षी मी निबंधात शाळेचं अंगण झाडणाऱ्या बाईंच्या फाटक्या लुगड्याचं वर्णन केलं आणि मोठ्या ऐटीत उभं राहून वाचलं. तुम्ही माझी वही मिटलीत. म्हणालात, "भाषा छान आहे. पण दुसऱ्याच्या ठिगळावर आपली वेलबुट्टी काढू नये. ती बाहेरच झाडतेय."

आता मी बारामतीला मुलाकडे असतो. सूनबाईनं फोनवर एक संकेतस्थळ दाखवलं. गरजू माणसं, मदत करणाऱ्या संस्था आणि देणारे लोक तिथं एकमेकांच्या ओळखीचे होतात. आपण लिहायचं, फोटो लावायचा, लोक खाली पसंतीचे लाल बदाम टाकतात आणि एखादी संस्था धावून येते. "आप्पा, तुम्ही लिहिता छान, रिकामं बसण्यापेक्षा कुणाचं तरी भलं होईल," ती म्हणाली. झालंही तसं. मोरगावकडच्या एका शाळेला माझ्या लिहिण्यावरून पुस्तकांचं कपाट मिळालं. मला वाटलं, मी गुरुजींचंच काम पुढं चालवतोय.

माझा तो दोस्त अजून गावातच आहे. घरची मेंढरं कधीच गेली, पण घोंगडी विणायचा माग त्यानं सोडला नव्हता. मागावरचं छप्पर गळत होतं. "पत्र्याचं बग कुठं जमलं तर," तो म्हणाला, "पन गवगवा नको." मी त्याचा फोटो काढला आणि लिहायला बसलो. लिहिता लिहिता एक ओळ सुचली: जगाला ऊब देणाऱ्या या हातांना स्वतःला पांघरायला काही नाही. खोटं होतं, गुरुजी. त्याच्या खाटेवर तीन घोंगड्या असतात. पण ओळ अशी काही जुळून आली होती की मोडवेना. पत्र्याचं मी खाली शेवटी लिहिलं. तिथवर कुणी वाचलंच नाही.

आठवड्यानं एका संस्थेची गाडी त्याच्या दारात उभी राहिली. गाव गोळा झालं. पाहुण्यांनी त्याला मागापुढं बसवलं, खांद्यांवर गिरणीचं गुलाबी ब्लँकेट घातलं आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. पारावरची माणसं अजून त्याला विचारतात, "काय आबा, गिरणीची ऊब लागती का न्हाय?"

मला कळलं तसा मी एसटीनं गेलो. त्याच्या कारभारणीनं ते ब्लँकेट चौघडी करून खाली अंथरलं. "बसा भावजी. तुमच्याच किरपेनं आलंय." मागावर अर्धी विणलेली घोंगडी तशीच ताणलेली, घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, वर तेच गळकं छप्पर. तो मागाकडं पाठ करून बसलेला.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमचं कसलं चुकतंय? आमाला मागता येत न्हाय. तुमी मागितलं."

उभ्या जन्मात त्यानं मला 'तुमी' म्हटलं नव्हतं. चहाची कपबशी त्यानं खाली ठेवली. मग म्हणाला, "आता माज्याकडं घ्यायला कोन येत न्हाय. येतंय ते द्यायलाच येतंय." त्या दिवसापासून त्यानं मागाला हात लावलेला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "तेवढं फोनातलं काढून टाका." मी म्हटलं, "आजच काढतो."

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता कुठला? तुम्ही उतरवून दिलेल्या कवितांच्या वहीत घालून ठेवीन. दोस्ताला मी निरोप धाडलाय, काढून टाकलं म्हणून. काढलेलं नाही, गुरुजी. खाली एका अनोळखी बाईंनी लिहिलंय, "आजोबा, काय ओळ लिहिलीत!" आज सकाळीही मी ते वाचलं. दोनदा.