नंबरातला डबा

१५ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यातून सिस्टरचा फोन. आज डायलिसिसला येऊ नका. सगळा वॉर्ड कोरोनाच्या पेशंटांना दिला आहे, यांच्यासारख्यांसाठी बाजूच्या खोलीत एकच मशीन ठेवलं आहे. नंबर लागला की कळवतो म्हणाल्या. हे म्हणाले, बरं झालं, आज ज्वारीचं दळण फार आहे. दिवसभर चक्कीवर उभे.

संध्याकाळी मी चक्की झाडायला गेले. खालच्या पिठात यांच्या पायांचे ठसे. नेहमीपेक्षा रुंद, बोटं वेगळी दिसत नव्हती. सूज चढली. ठसे झाडून टाकले.

पाणी डॉक्टरांनी सांगितलं तसं कपाने मोजून दिलं. आणखी मागितलं. नाही दिलं.

१७ एप्रिल, शनिवार

फोनची वाट न बघता, यांना नेहमी डायलिसिसला नेणाऱ्या गजूभाऊंच्या जीपने शहरात गेलो. दवाखान्याच्या दाराबाहेर रांग, चुन्याचे गोल आखलेले. उन्हात कोण उभं राहणार? गोलांत चपला, पिशव्या, एकाने वीट ठेवलेली. माणसं लिंबाखाली.

हे बघून खूश. म्हणाले, आपल्या चक्कीसारखंच आहे. चक्कीवर लोक डबे रांगेत ठेवून घरी जातात. यांचा नियम आहे, डबा नंबरात तर माणूस नंबरात. मालक येवो न येवो, त्याचं दळण त्याच्या पाळीने होणार. कोणी मागचा डबा पुढे सरकवला तर हे चक्की बंद करून बसतात.

जेवणाचा डबा गोलात ठेवला, झाकणावर नाव कोरलेला. मागच्या माणसाला म्हणाले, "ध्यान ठेवजा जी. सिस्टरले सांगजा, आमचं बारीक दळा."

दिवस मावळेपर्यंत नंबर आला नाही. डबा घेऊन परत.

२० एप्रिल, मंगळवार

हे गेले.

२२ एप्रिल, गुरुवार

आज लिहिता येत आहे.

मंगळवारी सकाळी यांना आडवं होता येईना, दम लागत होता. परत गेलो. डबा यांनी स्वतः वाकून गोलात ठेवला, मग उभं राहवेना. गजूभाऊंनी जीप लिंबाखाली घेतली, मागच्या सीटवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. मी मधूनमधून दाराशी जाऊन विचारत होते. सिस्टरचे नुसते डोळे दिसत होते. म्हणाल्या, "मशीनवर एक जण आहे मावशी. त्याला मधेच कसं काढू?" तेही खरंच होतं.

पाणी मागितलं. बाटलीच्या झाकणात दिलं. म्हणाले, "डब्याकडे पाह्यजो. कोनी सरकवन." मी डब्याकडे पाहिलं. होता जागेवर. परत खाली पाहिलं तर

डॉक्टर जीपपाशी आले, नाडी बघितली. हळू आवाजात म्हणाले, असंच घरी न्या, आत घेतलं तर लवकर ताब्यात मिळणार नाहीत. गजूभाऊंनी जीप सुरू केली.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, यांच्या बाजेखाली पीठ पसरलं होतं, दिवा लावून वर टोपली. गेलेला जीव घरी येऊन गेला की पिठात पाऊल उमटतं म्हणतात. यांच्या वडिलांच्या वेळीही केलं होतं, तेव्हा पाखराच्या पायासारखं काही उमटलं होतं. आज सकाळी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. आत्याबाईंनी खूप वेळ पाहिलं.

"थो घरी आलाच नाही वो," म्हणाल्या.

२६ एप्रिल, सोमवार

यांची भांडी वेगळी काढताना लक्षात आलं. डबा नाही. गजूभाऊंना फोन केला, जीपमध्ये पण नाही. तिथेच राहिला, गोलात.

कोणाला सांगितलं नाही. डबाच तर आहे.

२९ एप्रिल, गुरुवार

दुपारी फोन वाजला. डायलिसिसच्या सिस्टर. यांचं नाव घेऊन म्हणाल्या, नंबर पुढे येतो आहे, तयारीत राहा.

मला बोलायचं होतं. तोंडातून नुसतं "हो" गेलं.

त्यांनीच सांगितलं, डबा रोज एकेक गोल पुढे येतो आहे. मागचे लोक सरकवतात. पेशंट कुठे आहे विचारलं की रांगेतले लोक म्हणतात, आहे, लिंबाखाली बसला आहे. "उन्हात बसवू नका त्यांना," म्हणाल्या आणि ठेवला.

आ.बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांना सांगितलं. वाटलं घाबरतील. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग तिथीच हाये थो. नंबर सोडून कसा येईन? त्याच्या बापानंच शिकवलं त्याले."

म्हटलं, आत्याबाई, आपण अग्नी दिला त्यांना.

"अग्नी दिला. डबा कुठी आनला?"

२ मे, रविवार

तेरवी घरच्या घरी. पाच-सहा माणसं, तोंड बांधून, लांब लांब बसून. आ.बाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या, एक पाट मोकळा ठेवून.

अक्षय तृतीया जवळ आली. यांच्या नावाने पहिली घागर भरायची. आ.बाई म्हणतात, माणूस घरी नाही तर भरू कोणासाठी. त्या आधी डबा आणायचा. गजूभाऊंना ताप आहे, दुसरी गाडी शहरात जायला तयार नाही. एसटी बंद.

५ मे, बुधवार

चक्की बंदच. कुलूप मी उघडलं नाही. शटरच्या फटीतून आत पाहिलं. त्या मंगळवारी निघण्याआधी हे चक्कीत जाऊन आले होते, तेव्हाचे ठसे तसेच आहेत. यंत्रापासून दारापर्यंत. पसरट. बाहेर येणारे.

लोक दळायला ढाणकीला जातात. तांड्यावरच्या शेवंताबाई मात्र डबा शटरसमोर ठेवून गेल्या. म्हटलं, सुरू नाही बाई. "राहू दे न. मले घाई नाही. नंबर लावून ठेवतो." आज पाहिलं तर मागे आणखी डबे लागलेत. मी आणि आ.बाई घरात, बाहेर डबे उभे. कोणी बोलावत नाही, कोणी नेत नाही.

शेजारच्या बाईने विचारलं, पहाटे चक्की कोण झाडतं तुमची, आवाज येतो. म्हटलं, वारा असेल.

१० मे, सोमवार

सिस्टरचा फोन. परवा यांचा नंबर नक्की. या वेळी पेशंट समोर पाहिजे, नाही तर पुढच्याला घ्यावं लागेल, मागे एक आजी आहे, तिचे फार हाल आहेत.

आज तरी सांगायला हवं होतं. सांगते असं मनात म्हटलं पण होतं. पण सांगितलं तर डबा रांगेतून काढून कुठेतरी टाकतील. मग कुठे शोधू.

"येतो," म्हटलं.

गजूभाऊंचा ताप उतरला. येतो म्हणाले. का जायचं ते विचारलं नाही.

१२ मे, बुधवार

गेलो. मी मागच्याच सीटवर बसले.

रांग तेवढीच. डबा पहिल्या गोलात, दाराला लागून. इतके दिवस उन्हात, धुळीत, आणि झाकण पुसल्यासारखं. नाव लांबून वाचता येत होतं. मागच्या गोलात कापडी पिशवी. पिशवीची म्हातारी भिंतीला टेकलेली. तिचे पाय पाहिले आणि नजर काढून घेतली. यांचे शेवटी होते तसे.

मी डब्याला हात लावला तर म्हातारीचा मुलगा म्हणाला, "राहू द्या ताई. थो भाऊंचा हाये."

कोणते भाऊ, विचारलं.

"आत्ता तं होते इथी. पानी प्याले गेले असन. बोलत नाही कोनाशी, डब्याकडेच पाहत राह्यते. तुमचे आहेत का?"

हो म्हटलं. कसे दिसतात ते विचारायचं होतं. विचारलं नाही. दुसऱ्याच कोणाचं वर्णन केलं असतं तर? आणि यांचंच केलं असतं तर?

नळाकडे पाहिलं. खाली ओल होती. जवळ कोणी नव्हतं.

सिस्टरने दार उघडलं आणि नाव पुकारलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. रांगेतली सगळी माणसं लिंबाकडे बघायला लागली. मीही. सावलीत खूप लोक बसले होते, सगळ्यांची तोंडं बांधलेली. एक जण उठतो आहे असं वाटलं. म्हातारी मागे कण्हली.

मी डबा उचलला. सिस्टरला म्हटलं, आमचं राहू द्या. या आजीला घ्या.

"अहो, आज सोडलात तर परत मागून यावं लागेल. पेशंट कुठे आहे?"

"घरी नेतो आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं. म्हातारीला आत घेतलं. तिने जाताना माझ्या हातातल्या डब्यावर हात ठेवला, आधारासाठी असेल.

लिंबाकडे तोंड करून मी हळूच म्हटलं, चला. इतकंच.

येताना डबा मांडीवर. गजूभाऊंनी फाट्याच्या गतिरोधकावर जीप अगदी हळू घेतली, यांना हिसका बसू नये म्हणून घ्यायचे तशी. मग आरशात माझ्याकडे पाहिलं.

"सवय पडली वहिनी," म्हणाले.

घरासमोर थांबल्यावर उतरले आणि दुसऱ्या बाजूचं दार पण उघडून धरलं. थोडा वेळ. मग लावलं.

१३ मे, गुरुवार

चक्कीचं कुलूप काढलं. आ.बाईंना आत घेतलं. ठशांवरून पाय न देता कडेने गेलो.

डबा तिथेच उघडला. मी त्या दिवशी भाकरी आणि बिनमिठाची डाळ दिली होती. सडकं काही निघेल म्हणून नाकाला पदर लावला. आत स्वच्छ. तळाशी घोटभर पाणी. कोणीतरी नळावर धुऊन ठेवला असेल. रांगेत चांगली माणसं असतात.

पाणी फेकायला निघाले तर आ.बाईंनी हात धरला. नव्या घागरीत ओतायला लावलं.

दारापाशी, यांचे ठसे संपतात तिथे, आ.बाईंनी पीठ पसरलं. यांनीच शेवटचं दळलेलं. बाजूला डबा ठेवला, दिवा, वर टोपली. शटर ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही.

१४ मे, शुक्रवार. अक्षय तृतीया

सकाळी घागर काठोकाठ भरली, टोपलीच्या शेजारी ठेवली. पाच वर्षं यांना कपाने मोजून पाणी दिलं. आज मोजलं नाही.

बाहेर डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली आहे. शेवंताबाई पायरीवर बसून आहेत, सुरू करता का विचारत नाहीत. चक्कीचा पट्टा फिरला की पीठ उडेल, खाली सगळं झाकलं जाईल. त्या आधी टोपली उचलायला हवी.

स्वयंपाक करून आले तर घागरीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं. आ.बाई म्हणाल्या, नवी घागर हाये, पानी पिते. मी परत भरली, वरपर्यंत.

आता पाहिलं. पुन्हा खाली गेलं आहे.

आ.बाई टोपलीला हात लावून माझी वाट बघत आहेत. "उचलू का वो?"

म्हटलं, थांबा आत्याबाई. आधी पिऊ द्या.